अंत्यदर्शनाचे थेट प्रक्षेपण : घाटंजीतून मांडलेला एक संवाद

सार्वजनिक जीवनात वावरलेल्या व्यक्तीचा मृत्यू कुटुंबासाठी सुतक असतो, शासनासाठी दुखवटा असतो आणि ज्यांनी त्या व्यक्तीला कधी जवळून पाहिलेही नाही अशा असंख्य लोकांसाठी तो अंत्यदर्शनाचा प्रश्न असतो. दुखवटा म्हणजे शासनाने जाहीर केलेला शोककाळ, ज्यात राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला जातो आणि करमणुकीचे शासकीय कार्यक्रम रद्द होतात; सुतक ही घरची बाब असून तिचे नियम जातीधर्मागणिक बदलतात; अंत्यदर्शनाला मात्र लिखित नियम नाही, कारण ते लोकांच्या येण्यातूनच घडते. चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या २००७ च्या सुमारास सुरू झाल्या आणि तेव्हापासून हे तिन्ही व्यवहार एकाच पडद्यावर, एकाच निवेदकाच्या आवाजात, एकमेकांत मिसळून घरोघरी पोहोचू लागले. या मिसळण्यातून लोकांच्या पदरात काय पडले आणि काय हातचे गेले, हा या लेखाचा विषय आहे.

हा विचार मुंबईतून करणे आणि घाटंजीतून करणे यांत फरक पडतो. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे वाघाडी नदीकाठचे, कापसाच्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव राजधानीपासून इतके दूर आहे की तेथे सायंकाळी होणाऱ्या अंत्यसंस्काराला सकाळी बातमी कळल्यावर निघालेला माणूस सहसा पोहोचू शकत नाही. त्यामुळे पडद्यावर जे दिसते तेवढीच अंत्ययात्रा येथील लोकांच्या वाट्याला येते. अशा ठिकाणी या प्रश्नावर दोन भूमिका संभवतात. पुढील संवादात त्या एका निवृत्त इतिहास अध्यापकाच्या आणि एका तालुका वार्ताहराच्या तोंडी घातल्या आहेत. पात्रे कल्पित आहेत, ज्या प्रसंगांचा ती आधार घेतात ते प्रसंग खरे आहेत.

वार्ताहर : सर, आक्षेप पुष्कळ ऐकू येतात, पण आरंभ १९५६ पासून करावा लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दिल्लीत ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्याच दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. विदर्भातल्या खेड्यांत ती वार्ता पोहोचली तेव्हा निघायलाही वेळ उरला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी नागपुरात ज्यांनी त्यांच्यासोबत धम्मदीक्षा घेतली त्यांतल्या बहुतेकांना त्यांचे शेवटचे दर्शन झाले नाही. आज दरवर्षी ६ डिसेंबरला विदर्भातून चैत्यभूमीकडे जी माणसे निघतात, त्यांच्या त्या प्रवासात राहून गेलेल्या दर्शनाची भरपाईही आहे असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. थेट प्रक्षेपणाने हे अंतर मिटवले. ज्याच्याकडे रेल्वेच्या तिकिटाचे पैसे नाहीत, ज्याचा कापूस वेचणीला आला आहे, जी बाई घर सोडून जाऊ शकत नाही, त्या सर्वांना एकाच क्षणी तेच दर्शन मिळते. अंत्यदर्शनाच्या रांगेत बडे लोक वेगळ्या दाराने आत जातात. पडद्यापुढे असे वेगळे दार नाही.

अध्यापक : भाऊ, दर्शनाच्या या हक्काबद्दल वाद नाही आणि तो हक्क दूरदर्शनाच्याही आधी, नभोवाणीच्या काळात मिळालेला आहे हेही लक्षात घ्यावे. गांधीजींची अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९४८ रोजी निघाली तेव्हा मेलव्हिल डि'मेलो यांनी आकाशवाणीवरून सुमारे सात तास तिचे वर्णन केले आणि देशाने कानांनी ती यात्रा पाहिली. आक्षेप आहे तो दर्शनाच्या नावाखाली दाखवल्या जाणाऱ्या इतर गोष्टींवर. एलिहू कॅट्झ आणि डॅनियल डायन या माध्यम-अभ्यासकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'माध्यमसोहळा' अशी कल्पना मांडली. जो प्रसंग आधी आखलेला असतो, थेट दाखवला जातो, ज्यासाठी नेहमीचे सर्व कार्यक्रम बाजूला ठेवले जातात आणि जो पाहणे हे प्रेक्षकाला कर्तव्य वाटू लागते, तो माध्यमसोहळा. त्यांनी अशा सोहळ्यांचे स्पर्धा, विजय आणि राज्याभिषेक असे तीन साचे सांगितले, आणि थोरांच्या अंत्ययात्रा त्यांनी राज्याभिषेकाच्या साच्यात घातल्या. हे वर्गीकरण प्रथम चमत्कारिक वाटते, परंतु वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्याचा रोख पाहिला की पटते. पार्थिवाजवळ कोण बसले, कोणाला मागे थांबावे लागले, कोणत्या नेत्याने कोणाच्या खांद्यावर हात ठेवला, यांचीच चर्चा होते. गेलेल्या माणसाने काय केले यापेक्षा त्याच्या जागी कोण येणार याकडे लक्ष असते.

वार्ताहर : पण सर, लोकांच्या मनातही तोच प्रश्न असतो, मग वाहिनीने तो टाळावा का? बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. त्यांनी आयुष्यात एकही शासकीय पद घेतले नव्हते, तरीही दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर शासकीय इतमामात, म्हणजे पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरून आणि बंदुकांची सलामी देऊन, अंत्यसंस्कार झाले. वांद्र्याहून शिवसेना भवनमार्गे मैदानापर्यंत यायला त्या यात्रेला जवळजवळ सारा दिवस लागला. पक्षाचे पुढे काय, हा प्रश्न त्या गर्दीतल्या प्रत्येकाच्या मनात होता. गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा उलटला असताना ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातात गेले; परळीत दुसऱ्या दिवशी लोकांचा संताप नेत्यांसमोर उफाळून आला आणि चौकशीची मागणी स्मशानभूमीतच झाली. तो संताप दाखवायचा नाही, असे ठरवता आले असते काय? त्याच दिवशी पंकजा मुंडे यांनी वडिलांच्या चितेला अग्नी दिला. मुलीने अग्नी देण्यावरून जिथे आजही भावकीत वाद होतात अशा गावांनी ते दृश्य पाहिले. एखाद्या सुधारणेच्या व्याख्यानाने जे वर्षानुवर्षे साधत नाही ते त्या काही मिनिटांत साधण्याची शक्यता निर्माण झाली, आणि ते दूरचित्रवाणीमुळेच घडले.

अध्यापक : परळीचे उदाहरण मान्य आहे. तिथे कॅमेऱ्याने घडत असलेले दाखवले. तक्रार आहे ती अजून न घडलेल्याबद्दल. बाळासाहेब गेले त्या १७ नोव्हेंबरच्या आधीचे दिवस आठवावेत. ऐन दिवाळीत त्यांच्या 'मातोश्री' या निवासस्थानाबाहेर कॅमेरे रोखलेले होते आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून प्रकृतीचा अंदाज बांधला जात होता. अखेर डॉक्टरांनी बाहेर येऊन निधनाची घोषणा केली, तोवर अफवा कितीदा तरी येऊन गेल्या होत्या. रुग्ण जिवंत असताना त्याच्या मृत्यूची वाट पाहणे हे कोणत्याही परंपरेत बसत नाही. अटलबिहारी वाजपेयी १६ ऑगस्ट २०१८ रोजी सायंकाळी गेले, परंतु त्याआधीच त्रिपुराच्या राज्यपालांनी श्रद्धांजली वाहून टाकली, आणि नंतर माफी मागताना दूरचित्रवाणीवरील वृत्तावर विश्वास ठेवल्याचे त्यांना सांगावे लागले. घटनात्मक पदावरील व्यक्तीची जिथे अशी गत होते, तिथे सामान्य प्रेक्षकाने काय करावे?

वार्ताहर : ही घाई वाहिन्यांनी जन्माला घातलेली नाही. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेतच त्यांच्या निधनाची घोषणा केली, आकाशवाणीने ती प्रसारित केली आणि सभागृहाने शोकही व्यक्त केला. जयप्रकाशजी त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ जगले आणि ८ ऑक्टोबरला गेले. तेव्हा देशात एकही खासगी वाहिनी नव्हती. उलट बाजूही पाहावी. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या, परंतु आकाशवाणीने त्यांच्या मृत्यूची अधिकृत घोषणा सायंकाळपर्यंत केली नाही. पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनाही बातम्यांसाठी बीबीसी लावावी लागली. सरकारच्या अशा मौनातून अफवाच वाढतात. चूक होण्याचा धोका पत्करूनही बोलणारी अनेक माध्यमे असणे हे एकाच अधिकृत आवाजापेक्षा बरे.

या टप्प्यावर दोन्ही बाजूंचे वजन करणे आवश्यक आहे. वार्ताहराचा इतिहास बिनचूक आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष त्याने काढला आहे तितका सरळ नाही. १९७९ मधील चूक एकदा झाली, ती चूक म्हणून नोंदली गेली आणि आजही तिचा उल्लेख होतो. चोवीस तासांच्या वाहिनीवर मात्र 'प्रकृती चिंताजनक' ही पट्टी पडद्याच्या तळाशी सतत सरकत राहते, आणि ती खरी ठरली नाही तर तिची नोंद कुठेच राहत नाही. १९८४ च्या प्रसंगाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. इंदिरा गांधींचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले असताना दूरदर्शनच्या थेट प्रक्षेपणातून सूडाच्या घोषणा ऐकू गेल्या, असे त्यानंतरच्या शीखविरोधी हिंसाचाराच्या चौकशीत अनेक साक्षीदारांनी सांगितले. म्हणजे आधी गप्प राहिलेल्या त्याच शासकीय माध्यमाने पुढे निवड न करता सर्व काही ऐकवले. थेट प्रक्षेपणात संपादन नसते असा समज आहे; वास्तविक कॅमेरा कुठे ठेवायचा आणि ध्वनी कधी बंद करायचा हे ठरवणे म्हणजेच संपादन होय, आणि शोकाकुल जमावासमोर ते न करणे हा गंभीर दोष ठरतो.

अध्यापक : शोकाच्या दिवशी पडद्यावर एकच स्वर असतो, त्याचाही परिणाम पाहावा. बाळासाहेबांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली आणि दोघींना पोलिसांनी अटक केली. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे '६६ अ' हे कलमच पुढे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या मुलीने मृताची निंदा केली नव्हती, शहर बंद का, एवढेच विचारले होते. दिवसभर प्रत्येक वाहिनीवर 'महाराष्ट्र पोरका झाला' हेच ऐकलेल्या समाजाला तो साधा प्रश्नही अपमान वाटू लागतो. वाहिनीने अटक केली नाही हे खरे. पण ज्या वातावरणात ती अटक स्वाभाविक वाटली ते घडवण्यात तिचा वाटा होता.

वार्ताहर : आणि ती अटक देशापुढे आणण्यातही वाहिन्यांचाच वाटा होता, सर. दुसऱ्याच दिवशी त्यावर चर्चा सुरू झाल्या नसत्या, तर ते प्रकरण पालघरच्या पोलीस ठाण्यातच मिटले असते. मृत्यूच्या दिवशी टीका करू नये हा वाहिनीने बनवलेला नियम नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे घाटंजीच्या बाजारात कोणालाही विचारले तरी तो हेच सांगेल. लोकांचा शिष्टाचार वाहिनीने मोडावा अशी अपेक्षा आहे काय?

अध्यापक : वाईट बोलू नये हा घरचा शिष्टाचार आहे, त्याने कुटुंबाचे रक्षण होते. सार्वजनिक माणसाने घेतलेल्या निर्णयांचा हिशेब मांडणे म्हणजे वाईट बोलणे नव्हे. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी गेले. लोकांशी जिव्हाळ्याने बोलणारा नेता म्हणून त्यांना ज्या प्रेमाने निरोप मिळाला तो योग्यच होता. पण विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांच्या सर्वांत बिकट वर्षांत ते राज्याचे मुख्यमंत्री होते आणि १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचे विशेष पॅकेज जाहीर केले ते त्यांच्याच कारकिर्दीत. बाभळगावच्या त्यांच्या अंत्यसंस्काराच्या प्रक्षेपणाबरोबर या पॅकेजचे यवतमाळात पुढे काय झाले हे कोणी सांगितले असते, तर त्यात मृताचा अनादर नव्हता. नेत्याच्या जीवनाचा संपूर्ण विचार करणे, त्यात आपला जिल्हा कुठे होता हे पाहणे, हाही आदराचाच प्रकार आहे.

मृत्यूच्या वार्तांकनाचे जे प्रकार उघडपणे अनुचित आहेत त्यांच्याबद्दल दोघांत मतभेद नाही, म्हणून त्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी यांचे दुबईत निधन झाल्यावर काही वाहिन्यांनी स्नानगृहाचे देखावे उभारले. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर महिनोन्महिने पडद्यावर समांतर खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात अशा माध्यम-खटल्यांमुळे तपासात आणि न्यायात अडथळा येतो असे नमूद करून, विशेषतः आत्महत्येच्या बातम्या देताना कोणत्या मर्यादा पाळाव्यात हे सांगितले. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये वाहिन्यांना मृतदेहांची व रक्तबंबाळ जखमींची दृश्ये न दाखवण्याची सूचना दिली. वाहिन्यांची स्वनियमन यंत्रणा, म्हणजे त्यांनी स्वतःच नेमलेली तक्रार-निवारण संस्था, २००८ पासून काम करते आहे. नियम आहेत, परंतु हे सारे नियम बीभत्सतेला आवरतात. शालीन दिसणाऱ्या पण पोकळ अशा दहा तासांच्या प्रक्षेपणाबद्दल कोणताही नियम काही म्हणत नाही, आणि म्हणूही शकणार नाही.

अध्यापक : त्या दहा तासांत काय असावे याचा आदर्श शोधायला फार लांब जायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात ब्रह्मलीन झाले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक एकाच वेळी उभे राहून मौन श्रद्धांजली अर्पण करतात. आपल्या भागातल्या गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांना हे सांगावे लागत नाही. एवढी माणसे गप्प राहू शकतात, मग एकटा निवेदक पाच मिनिटे गप्प का राहू शकत नाही? चिता पेटत असताना 'अत्यंत भावुक असा हा क्षण' असे सांगणारा आवाज पाहणाऱ्याचा भावच हिरावून घेतो.

वार्ताहर : त्याचे कारण निवेदकाच्या स्वभावात नाही, यंत्रणेत आहे. दूरनियंत्रक हातात घेतलेला प्रेक्षक वाहिन्या बदलत येतो. आवाज ऐकू आला नाही तर प्रक्षेपण बंद पडले असे समजून तो पुढे जातो, आणि आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येच्या मोजणीत तो दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. ही भीती खरी की खोटी हे तपासायला कोणी थांबत नाही. तरीसुद्धा पडद्याला मौन जमते, हे मान्य करायला हवे. राणी एलिझाबेथ यांचे सप्टेंबर २०२२ मध्ये निधन झाल्यावर त्यांची शवपेटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती. रांगेत उभे राहू न शकणाऱ्यांसाठी बीबीसीने तेथील दृश्य कोणत्याही निवेदनाशिवाय अखंड दाखवले. माणसे येतात, थबकतात, मान लववतात, निघतात, एवढेच त्यात होते.

अध्यापक : मग लतादीदींच्या वेळी ते का झाले नाही? ६ फेब्रुवारी २०२२ रोजी सकाळी त्या गेल्या आणि त्याच दिवशी सायंकाळी शिवाजी पार्कवर पंतप्रधानांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. ज्या आवाजाच्या निरोपाला दुसऱ्या कोणत्याही आवाजाची गरज नव्हती, त्या दिवशीही गाण्यांवर निवेदन चढवले गेले. तिथेच शाहरुख खान यांनी दुवा मागून पार्थिवाच्या दिशेने फुंकर घातली, आणि ते थुंकले असा खोटा प्रचार समाजमाध्यमांवर झाला. दृश्य सर्वांनी पाहिले होते. त्याचा अर्थ सांगणारा जाणता माणूस त्या क्षणी पडद्यामागे असता, तर त्या विषाला वावच राहिला नसता. बोलायचेच तर जिथे माहिती द्यायची गरज आहे तिथे बोलावे.

वार्ताहर : हे पूर्ण मान्य. त्याच वर्षी ४ जानेवारीला सिंधुताई सपकाळ गेल्या. वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या माईंचे नाते आपल्या भागाशी होते. पुण्यात महानुभाव पंथाच्या परंपरेनुसार त्यांचे दफन झाले, त्याबरोबर शासकीय मानवंदनाही झाली. हिंदू घरातल्या व्यक्तीला अग्नी का दिला नाही, हा प्रश्न उर्वरित महाराष्ट्रात कित्येकांना पडला. विदर्भात महानुभावांचे रिद्धपूर माहीत असणाऱ्यांना तो पडला नाही. अशा वेळी जिल्ह्यातला वार्ताहर मुख्यालयातल्या निवेदकापेक्षा अधिक सांगू शकतो. पण त्या दिवशी त्याला विचारले जात नाही.

अध्यापक : त्या दिवशी त्याला काय विचारले जाते, हेच आता स्पष्ट सांगा, भाऊ.

वार्ताहराच्या उत्तरापूर्वी त्याच्या व्यवसायाची रीत समजून घेणे उपयुक्त ठरेल. तालुक्याच्या ठिकाणी वाहिनीचा पगारी प्रतिनिधी क्वचितच असतो. तिथे 'स्ट्रिंगर' असतो, म्हणजे बातमीगणिक मानधन मिळणारा आणि बहुधा दुसरा काही उद्योग सांभाळून हे काम करणारा माणूस. त्याने पाठवलेले चित्रण जिल्हा प्रतिनिधीकडून मुख्यालयातील 'डेस्क'कडे, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या आणि क्रम लावणाऱ्या कक्षाकडे जाते. जे प्रसारित होते तेवढ्याचेच पैसे मिळतात, म्हणून डेस्कला काय हवे आहे याचा अंदाज हेच त्याच्या धंद्याचे मुख्य कौशल्य बनते.

वार्ताहर : मोठा नेता गेला की निरोप येतो तो ठरलेला असतो. बाजारपेठ बंद असल्याची दृश्ये, चौकात हार घातलेली प्रतिमा, एका जुन्या कार्यकर्त्याचे रडत दिलेले दोन वाक्यांचे मनोगत, ज्याला 'बाईट' म्हणतात, आणि शोकसभा. त्या दिवशी तालुक्यात दुसरे काय घडले हे कोणी विचारत नाही. बाजार समितीत कापसाचा लिलाव थांबल्याने गाडी घेऊन आलेला शेतकरी रात्रभर अडकला, ही बातमी 'आज नको' म्हणून परत येते, आणि उद्या ती शिळी होते. अडचण याहूनही खोल आहे. आपल्या जिल्ह्यातले मरण पडद्यावर यायचे असेल, तर त्याला मोठ्या माणसाचे नाव जोडलेले असावे लागते. एप्रिल २०१८ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली, त्याच्या चिठ्ठीत पंतप्रधानांचा उल्लेख होता, आणि देशभरच्या वाहिन्यांनी घाटंजी हे नाव उच्चारले. त्याच्या आधी आणि नंतर जे गेले त्यांच्या चिठ्ठीत सावकाराचे किंवा बँकेचे नाव होते, किंवा चिठ्ठीच नव्हती. त्यांच्यासाठी वाहिनीची गाडी आली नाही.

अध्यापक : हा या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो तुमच्या बाजूकडून आला. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील महागाव तालुक्याच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ते गावाचे माजी सरपंच होते, संगीताचे जाणकार होते. तेव्हा चोवीस तासांच्या वाहिन्या नव्हत्या म्हणून ते दिसले नाही, असे म्हणावे तर २००६ चे काय? त्या वर्षी मुंबईतील फॅशन सप्ताहाला पाचशेहून अधिक पत्रकार अधिकृतपणे हजर होते, तिथे सुती वस्त्रे मिरवली जात होती, आणि तो कापूस पिकवणाऱ्या विदर्भातल्या आत्महत्यांवर लिहिण्यासाठी बाहेरून आलेले राष्ट्रीय पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, पत्रकार पी. साईनाथ यांनी हे तेव्हाच दाखवून दिले. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसे पावसाळ्यातच रुग्णालयात दाखल होऊ लागली होती. वाहिन्यांच्या गाड्या मोठ्या संख्येने आल्या त्या मृतांचा आकडा बातमीजोगा झाल्यावर. म्हणजे एका माणसाच्या मृत्यूला दहा तास द्यायची ताकद या माध्यमात आहे, आणि वीस माणसांच्या मृत्यूंना दखल मिळायला आठवडे लागतात.

वार्ताहर : यातून मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेचा वेळ कमी करावा असा निष्कर्ष निघतो का? कारण तो वेळ कमी झाला तरी आपल्याला मिळणार नाही; तो दुसऱ्या कोणत्यातरी गदारोळाला जाईल. चिलगव्हाणच्या स्मरणार्थ शेतकऱ्यांची मुले २०१७ पासून १९ मार्चला एक दिवसाचे अन्नत्याग आंदोलन करतात. त्याची बातमी येते ती तासाभरापुरती, पण येते. लोकांनी स्वतः दिवस ठरवला, उपवास केला, म्हणून ती येते. वाहिनीकडून दर्शनाचा हक्क काढून घेऊन शेतकऱ्याच्या मरणाला न्याय मिळणार नाही. ज्याच्या बापाने शेतात जीव दिला त्यालाही बाळासाहेबांची अंत्ययात्रा पाहावीशी वाटली होती, हे विसरू नये.

येथे वार्ताहराचे म्हणणे स्वीकारले पाहिजे. थोरांच्या मृत्यूला मिळणारी जागा आणि सामान्यांच्या मृत्यूला न मिळणारी जागा यांची वजाबाकी करून प्रश्न सुटत नाही, कारण दुर्लक्षाचे कारण जागेचा अभाव हे नाही. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे: मृत्यूला प्रसंग म्हणून पाहिले जाते आणि प्रसंग संपताच कॅमेरा निघून जातो. नेत्याच्या बाबतीत त्यामुळे त्याच्या कार्याचा हिशेब राहून जातो; शेतकऱ्याच्या बाबतीत कर्ज, भाव, पाणी आणि मदतीची रक्कम घरी पोहोचली की नाही, हे राहून जाते. ज्या दिवशी सर्वजण पाहत असतात त्या दिवशी बोलू नये असे शिष्टाचार सांगतो, आणि ज्या दिवशी बोलता येते त्या दिवशी पाहणारे कोणी उरत नाही. अध्यापकांची मौनाची मागणी आणि हिशेबाची मागणी वरवर परस्परविरोधी वाटतात, परंतु त्या वेगवेगळ्या दिवसांसाठी आहेत असे मानले तर दोन्ही एकत्र उभ्या राहू शकतात. तोच धागा धरून संवाद पुढे गेला.

अध्यापक : मग अंत्यसंस्काराच्या दिवशी फक्त दृश्य असू द्या, निवेदन जेमतेम माहितीपुरते. टीका, स्तुती, वारसा, सारे नंतर.

वार्ताहर : नंतर म्हणजे केव्हा, सर? वाहिनीच्या भाषेत 'नंतर' म्हणजे कधीच नाही.

अध्यापक : तेरवीपर्यंत थांबावे. आपल्याकडे तेरवी झाली की घरची माणसे कामाला लागतात, व्यवहाराचे बोलणे सुरू होते, देणे-घेणे निघते. त्यापूर्वी विचारलेले प्रश्न घराला बोचतात, त्यानंतर विचारलेले बोचत नाहीत. ज्यांच्या परंपरेत तेरवी नाही तिथे तेवढेच दिवस मोजावेत.

वार्ताहर : चौदाव्या दिवशी मुख्यालयातून कोणी येणार नाही. तेव्हा गावात असतो तो स्ट्रिंगरच.

अध्यापक : म्हणून तर त्याच्यावर भिस्त आहे. नेता कोणीही असो, चौदाव्या दिवशी त्याच्या योजनांतली एक निवडावी, तालुक्यातल्या एका गावात जाऊन ती तपासावी आणि पाठवावी. शेतकऱ्याच्या घरीही त्याच दिवशी जावे. मदतीच्या प्रकरणाची फाइल तहसील कार्यालयात कुठवर आली, ते पात्र ठरले की अपात्र, हे विचारावे.

वार्ताहर : पाठवता येईल. डेस्क ते घेईल की नाही, हे सांगता येत नाही.

अध्यापक : न घेतल्यास पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवावे, आणि आत्महत्येच्या प्रकरणात चेहरा, घराचे नाव आणि मुलांची छायाचित्रे पाठवू नयेत.

वार्ताहर : चेहऱ्याशिवाय चित्रण डेस्क परत पाठवते, सर. अपात्र ठरलेल्या प्रकरणांची तालुक्याची यादी माहितीच्या अधिकारात मागून तिच्यावर बातमी केली, तर मात्र कोणाच्या घरी कॅमेरा न्यावा लागणार नाही. अर्जाचे उत्तर मिळायला तीस दिवस लागतात, एवढीच अडचण आहे.